तर्कशास्त्र्यांचं स्वयंपाकघर

चुलीच्या धुराचा बाऊ पाश्चात्त्यांनी केला आणि त्यांच्याच प्रयोगांनी तो आता खोटा पाडला, असं सांगणारी एक नवी जमात आपल्याकडे उगवली आहे. ही माणसं अडाणी नाहीत, हीच पंचाईत. त्यांच्यातले एक निवृत्त अभियंते मध्यंतरी व्यासपीठावर माझ्या शेजारी होते. मलावी, ग्वाटेमाला ही नावं त्यांच्या तोंडून इतक्या सराईतपणे येत होती की सभा तिथेच जिंकली गेली. शेवटी अर्थातच आजी आली. चुलीपुढे जन्म घालवून नव्वदीपर्यंत ठणठणीत. त्या आजीबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांच्या आज्या पन्नाशीत खोकत गेल्या, त्यांचे नातू सहसा व्याख्यानं देत नाहीत, एवढंच.

अभियंत्यांची माहिती मात्र खरी होती, हे आधी मान्य करू. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून धूर मोजला. त्याआधी हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं, अशीच समजूत होती. पुढे त्यांनीच ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेच्या वर घरांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून प्रयोग केला. निम्म्या घरांना धुराडं असलेली चूल, उरलेल्यांची जुनीच. २०११ मध्ये निष्कर्ष आले. मुलांच्या एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. मग मलावीत पंखा बसवलेल्या चुली देऊन दहा हजारांहून जास्त मुलं तपासली. न्यूमोनियात फरक शून्य. झालं, धूर निर्दोष सुटला!

इथे मला अन्नंभट्ट आठवतो. सतराव्या शतकातल्या त्याच्या ‘तर्कसंग्रहा’वर संस्कृतच्या पिढ्यान् पिढ्या घासल्या गेल्या. अनुमानाचं त्यातलं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. दाखला स्वयंपाकघराचा, म्हणजे महानसाचा. शेकडो वर्षं एवढ्या तल्लख माणसांनी त्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आत कोण बसलंय, तिचे डोळे का लाल आहेत, हा प्रश्न त्यांच्या विषयाबाहेरचा होता. त्यांना धूर हवा होता तो हेतू म्हणून, म्हणजे अनुमानाचा आधार म्हणून.

पण या मंडळींची हत्यारं भलतीच धारदार. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर का नाही? कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि त्याला ते उपाधी म्हणतात: जिथे धूर तिथे ती असतेच, पण जिथे अग्नी तिथे असेलच असं नाही. आजच्या साथरोगशास्त्रज्ञाची निम्मी झोप याच उपाधीने उडवलेली असते. ज्या घरात चूल असते तिथेच कुपोषण असतं, दाटी असते, दवाखाना लांब असतो. मग मूल धुराने आजारी पडलं की गरिबीने? निव्वळ निरीक्षणातून हे सुटत नाही, म्हणूनच वाटणी करून प्रयोग करायचे. इथवर अभियंते आणि मी एकाच बाकावर.

फाटा फुटतो तो पुढे. फरक दिसला नाही, म्हणून फरक नाही, असं केव्हा म्हणता येतं? मीमांसकांनी यावर फार बारकाईने विचार केला आहे. जमिनीवर घडा नाही हे मला घडा न दिसण्यातून कळतं, पण अट अशी की तो असता तर दिसलाच असता. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हीच योग्य अनुपलब्धी. मलावीच्या प्रयोगाला ती लावून पाहा. चूल बदलली, पण कचरा जाळणं, तंबाखूचा धूर, शेजारचा धूर तसाच राहिला, हे त्या संशोधकांनीच नोंदवलं आहे. मूल धुरातून बाहेर आलंच नव्हतं. त्यात भर वक्ररेषेची: धुराचं प्रमाण आणि आजार यांचा संबंध सरळ रेषेत जात नाही. तळाशी चढ उभा, वर पठार. फार धूर अर्ध्यावर आणला तरी माणूस पठारावरच असतो. प्रयोगात काही दिसलं नाही, तर नवल काय?

हा बचाव मला वर्षानुवर्षं आवडत आला आहे. मात्र तो ‘हॅपिन’ या प्रयोगापुढे टिकत नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गर्भवतींपैकी निम्म्यांना अठरा महिने शेगडी आणि गॅस फुकट दिला. बायकांनी चूल जवळजवळ सोडलीच. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण सुमारे ७० मायक्रोग्रॅमच्या जागी सुमारे २४ वर आले. इथे दिवा लावला होता, जमीन झाडलेली होती. तरी २०२२ मध्ये बाळांच्या जन्मवजनात आणि २०२४ मध्ये तान्ह्यांच्या तीव्र न्यूमोनियात ठोस फरक आढळला नाही. आता ‘२४ हेसुद्धा जास्तच, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे’ असं म्हणता येईल. म्हणणारे म्हणतातही. पण प्रत्येक निकालानंतर अंधार थोडा पुढे सरकवायचा, ही खोड आमच्या बाजूला लागलेली आहे आणि ती मीमांसकांना मंजूर झाली नसती.

आमच्या बाजूची दुसरी खोड अभियांत्रिकीची. चूल सुधारायची म्हणजे सरपण वाचवायचं आणि धूर घालवायचा, हे एकाच दमात बोललं जातं, जसं काही ते एकच काम आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली, १९८० च्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, कोट्यवधी चुली वाटून २००२ मध्ये गुंडाळलाही गेला. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. लाकडातून सुटलेले वायू पुरते जळायला भरपूर उष्णता, हवा आणि सवड लागते. उलट भांड्याला उष्णता जास्त द्यायची तर भांडं ज्वाळेजवळ आणा, बुडाखालची फट अरुंद करा, म्हणजे गरम वायू बुडाला घासून जाईल. पण पाण्याने भरलेलं बूड ज्वाळेच्या मानाने थंडगार असतं. ज्योत त्याला लागली की विझते आणि काजळी धरते. सरपण वाचवणारी चूल धूर वाढवूही शकते. ग्वाटेमालातल्या लोरेना चुलीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या माती-वाळूच्या जाडजूड भिंती उष्णता धरून ठेवतील म्हणून नावाजल्या गेल्या. त्यांनी ती धरलीच, भांड्यापर्यंत पोचू दिली नाही. जड भिंत म्हणजे उष्णतारोधक भिंत नव्हे. उष्णता अडवायला हलका, सच्छिद्र पदार्थ लागतो, आणि तो सरपण कोंबताना फुटतो. पत्रा फुटत नाही, पण तापलेल्या पत्र्याला राखेतले क्षार खातात. त्याला तोंड देणारी लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची मिश्रधातू आहे. स्वतःवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा धरून ती तगते, फक्त तिची किंमत चुलीच्या गिऱ्हाइकाला परवडत नाही. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या वर्षी कमी झालेला धूर पुढे पूर्ववत झाला होता. चुली तुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती कुणी केली नाही. धुराशिवाय अग्नी देणारा तो लोखंडी गोळा तर्कशास्त्र्यांना फुकट मिळाला होता.

मग अभियंते जिंकले? मुळीच नाही. त्यांनी मुलांचा न्यूमोनिया घेतला आणि बाई सोडून दिली. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्येही श्वासनलिकांचा चिवट आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. तो आजार भिनायला दशकं लागतात. अठरा महिन्यांचा प्रयोग त्याबद्दल काय बोलणार? इथे अंधार खराच आहे.

तरीही मला आता आजारांचा हा हिशोब मांडणंच खटकू लागलं आहे. घरगुती धुराने २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू, हा आकडा गणिती प्रतिमानातून येतो. मृत्यूच्या दाखल्यावर धूर लिहिलेला नसतो. तो आकडा घेऊन आम्ही सरकारी दारात उभे राहिलो, कारण त्याशिवाय कुणी दार उघडत नव्हतं. बाईचा खोकला, चुरचुरणारे डोळे, मोळीखाली वाकलेली मान, हे सगळं प्रत्यक्ष प्रमाण होतं. नैयायिक प्रत्यक्षाला सर्वांत वरचं स्थान देतात. आम्ही ते बाजूला ठेवून अनुमानावर खटला लढवला आणि एका प्रयोगाने तो डळमळला. पुरुषाला रोज दोन तास धुरात बसून काम करावं लागलं असतं, तर ते थांबवायला न्यूमोनियाचा पुरावा कुणी मागितला असता का?

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने शेगडी घरात आली, आणि सिलिंडर परवडेल तसा येतो. हॅपिनमधल्या बायकांचा गॅस फुकट होता, हे सभेत कुणी सांगत नाही. आपल्याकडे गॅस असलेल्या घरांतही परसात एक चूल असते, आंघोळीच्या पाण्यासाठी. स्वयंपाकावर एवढे प्रबंध झाले आणि त्या चुलीला कुणी विचारेना. चाळीस अंशांच्या पाण्यासाठी आठशे-हजार अंशांचा जाळ लावणं हा उष्णतेचा शुद्ध अपव्यय. एवढ्या कोमट कामाला ऊन पुरतं, सूर्यबंबाची किंमत तेवढी उतरायला हवी. अभियंत्यांची हयात पदार्थविज्ञानात गेली आहे. त्यांनी आजीला सोडून एखादा स्वस्त, न गंजणारा बंब घडवावा, जो कोकणातल्या जुलैत, ऊन नसताना आणि सरपण ओलं असताना, आंघोळीपुरतं पाणी देईल.