कोप आणि कड्या

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या गल्ल्यांमध्ये एकच रचना पुन्हा पुन्हा दिसते: खाली नुसत्या खांबांवर पार्किंग, वर चार मजले. भूकंपाच्या 2002 च्या नकाशावर बेंगळुरू विभाग 2 मध्ये, म्हणजे कमी धोक्याचं. त्यामुळे फ्लॅट घेताना दाराची दिशा बघितली जाते, खांब नाही.

किल्लारी तर त्याहूनही कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होती. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे 3:56 वाजता, तिथे भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. बाप्पाला नुकता निरोप दिला होता, मग हे का?

1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. इथे रवींद्रनाथांचंच पटतं. पाप एकाचं आणि घर पडणार दुसऱ्याचं, हा कुठला न्याय?

देवाच्या घरालाही सूट नसते. 1997 च्या भूकंपात इटलीतल्या असिसीत संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकाचं छत पडून चौघे दगावले. दुरुस्तीत भिंत आणि छप्पर निकेल-टायटॅनियमच्या तारा असलेल्या साधनांनी जोडलं. साधी सळई फार ताणली की ताणलेलीच राहते. ही तार सहा टक्के ताणूनही मूळ लांबीवर येते आणि त्या ये-जा करण्यात हादऱ्याची ऊर्जा जिरवते.

तार महाग, कोरमंगलातला बिल्डर ती घालणार नाही. पण खांबातल्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांची टोकं 135 अंशांत आत वळवायला फक्त मिस्त्रीचा हात लागतो. नव्वद अंशांवर सोडली, तर हादऱ्यात ती उघडतात.