छत्तिसाव्या दिवसाची खोली

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा घरी परततो त्या दिवशी आई देवापुढे साखर ठेवते आणि बाप कपाटाची किल्ली आपल्या खिशात टाकतो. दोघांचंही काही चुकत नाही. त्या घरातून पातेली गेलेली असतात, मोबाइल गेलेला असतो, बहिणीचे कानातले गेलेले असतात. पण आशा आणि धास्ती यांच्या ओढाताणीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. सतराव्या वर्षी नशेला लागलेलं पोर चोविसाव्या वर्षी बाहेर पडलं, तर मधल्या काळात त्याच्या बरोबरीची मुलं जे शिकली ते त्याला आता कुणी शिकवायचं? साहेबाची बोलणी खाऊन दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होणं, पगार महिनाअखेरपर्यंत पुरवणं, ताप आला तर स्वतःपुरती पेज टाकणं, रविवारची रिकामी दुपार काढणं. नशा सुटली म्हणून हे आपोआप येत नाही. आणि ते आलं नाही, तर नशेला परतीची वाट सोपी होते.

मुंबईच्या गिरणगावाने हे जवळून पाहिलं आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि परळ-लालबागच्या पोरांचा गिरणीत चिकटण्याचा ठरलेला रस्ता बंद झाला. त्याच दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गल्लीच्या भाषेत गर्द, मुंबईत पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी त्याची घडी बसवली. व्यसनातून उठलेली माणसंच तिथे पुढे कार्यकर्ते झाली. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा असतो. या दिवसांत उठण्यापासून झोपण्यापर्यंतचा क्रम कुणीतरी आखून दिलेला असतो. छत्तिसाव्या दिवशी तो नसतो. पाठपुराव्याच्या सभा असतात, पण सभा संपते आणि पोरगा नाक्यावरूनच घरी जातो.

हे घरही कसलं? बीडीडी चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. तिथे सगळ्यांची नजर त्याच्यावर. संडासात जास्त वेळ लागला तरी दारावर थाप पडते. पगार झाला की पैसे आईच्या हातात, आणि रोज चहा-बसपुरते सुटे त्याच्या हातात. सुरुवातीला हे लागतं. दोन वर्षांनीही तेच चालू राहिलं, तर तो पंचविशीतला शाळकरी मुलगा होतो. मग कधीतरी भांडण होतं आणि तो ‘माझं मी बघतो’ म्हणत विरारला नाहीतर बदलापूरला खोली घेतो. पहिल्यांदाच हातात पूर्ण पगार आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही. अशा वेळी पुन्हा नशेकडे घसरायला फार काही घडावं लागत नाही.

घरचा पहारा आणि एकट्याची खोली यांच्या मधली जागा या शहराने एकेकाळी स्वतःच शोधली होती. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचा. गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायची पाळी, प्रत्येकाची एक ट्रंक, महिन्याची वर्गणी ठरलेली, पाणी भरण्याची वाटणी ठरलेली. जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबावर. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं ते याच बायांचं. धोबीतलावला गोवेकरांची कुडं होती, गावागावाची. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा तरुण तिथे थोड्या भाड्यात राहायचा आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचा. आईबाप शेकडो मैल दूर, तरी पोरगा एकटा नसे. वर्गणी थकली तर विचारणारं कुणी होतं, आणि विचारणारा बाप नव्हता, बरोबरीचा होता. मला वाटतं, सगळी मेख या बरोबरीत आहे.

अमेरिकेत नेमकं हेच व्यसनमुक्तांसाठी करून पाहिलं गेलं. 1975 मध्ये मेरीलँडमधलं एक हाफ-वे होम, म्हणजे उपचारानंतर काही काळ राहायचं घर, बंद पडत होतं. तिथल्या रहिवाशांनी घर स्वतःच भाड्याने घेतलं आणि ‘ऑक्सफर्ड हाउस’ची सुरुवात झाली. नियम मोजके: कारभार मतदानाने, खर्च सगळ्यांत वाटून आणि नशा केली की घर सोडायचं. वर वॉर्डन नाही, डॉक्टर नाही. लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी उपचार संपवलेल्या 150 जणांच्या चिठ्ठीने दोन वाटण्या केल्या. निम्मे अशा घरांत गेले, निम्मे नेहमीच्या वाटेने. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातले सुमारे 31 टक्के नशा करत होते, दुसऱ्यातले सुमारे 65 टक्के. पहिल्या गटाची कमाईही दुपटीहून अधिक होती.

आपल्याकडे कायदा याच्या आड येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहेत, आणि हाफ-वे होमसारख्या सोयी पुरवणं सरकारचं काम ठरवलं आहे. कागदावर सोय आहे. लालबागमध्ये खोली मात्र नाही.

जुन्या खोल्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिथे बाटली यायची, जुगार चालायचा. गाव आणि जात पाहूनच माणूस आत घेतला जायचा. बाईला तर जागाच नव्हती, आणि आजही व्यसनातून उठलेल्या मुलीला शेजारच काय, कधीकधी माहेरही दार उघडत नाही. म्हणून नवी खोली गावाच्या नावावर चालणार नाही. एकच दुखणं भोगलेल्यांची ती हवी, आणि मुलींसाठी वेगळी हवी. पाच-सहा जण, सगळे कमावते किंवा काम शोधणारे. भाडं आणि किराणा वाटून. स्वयंपाकाच्या पाळ्या. पगाराच्या दिवशी कुणी एकट्याने घरी यायचं नाही. आठवड्यातून एकदा हिशेब, सगळ्यांसमोर.

आता भाड्याचा प्रश्न. गगनचुंबी टॉवरच्या सावलीत पाच पोरं स्वतःच्या कमाईवर ते सुरुवातीपासून भरू शकत नाहीत. अनामत रक्कम आणि पहिल्या वर्षाचा आधार दुसऱ्या कुणी द्यायला हवा. या भागातल्या गणेशोत्सव मंडळांकडे वर्गणी आहे, कार्यकर्ते आहेत, पोलिसांपासून घरमालकापर्यंत ओळख आहे. त्यांतली अनेक रुग्णवाहिका आणि रक्तदान शिबिरं चालवतात. त्यांनी एक खोली घेऊन द्यावी आणि शेजाऱ्यांना जामीन राहावं. अट एवढीच, की नंतर कारभारात हात घालू नये. दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावू नये, उद्घाटनाला पोरांना रांगेत उभं करू नये आणि वीजबिल थकलं तर ते धावत जाऊन भरू नये. बिल कसं भरायचं हे त्या पाच जणांनी रात्री बसून ठरवायचं आहे. तेवढ्यासाठीच तर खोली घ्यायची.