जलोदर झालेली कोंबडी

पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या आमच्या बेल्यात कोंबडी आजारी पडली तर तिचे काय करावे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ती त्याच सायंकाळी चुलीवर चढते. सेवानिवृत्तीनंतर आम्हाला मात्र तो प्रश्न पडला आणि चांगला दोन महिने पुरला.

चंद्री ‘ग्रामप्रिया’ जातीची. परसातील पालनासाठी ही जात हैदराबादला, राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेत सिद्ध झाली. तीन वर्षे तिने घराला अंडी पुरविली. पुढे ती कवच नसलेली, मऊ अंडी घालू लागली. मग तीही थांबली. पोट फुगले, पाय फाकवून चालणे सुरू झाले, चोच उघडी ठेवून ती धापा टाकू लागली. पशुवैद्यांनी पोट चाचपून जलोदर असल्याचे सांगितले. बलक अंडवाहिनीत न उतरता उदरात पडला की तेथे दाह होऊन पाणी साठते. कधी मूळ कारण अंडाशयातील गाठ असते. पक्ष्यांना छाती व पोट वेगळे करणारा आपल्यासारखा पडदा नसतो. त्यामुळे ते पाणी थेट श्वासाच्या पिशव्यांवर दाब आणते.

सुईने पाणी काढले, तेही थोडे थोडे, कारण एकदम काढल्यास जीव दगावतो. पिवळसर पाणी वाटीभर निघाले आणि दुसऱ्या दिवशी चंद्री अंगणात दाणे टिपू लागली. आम्ही हरखलो. पंधरा दिवसांनी पोट पुन्हा भरले, त्यानंतर आठ दिवसांनी, मग चारच दिवसांनी. हा उपचार नव्हे, उसंत आहे, असे वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

“काका, एवढ्या पैशात दहा कोंबड्या येतील,” असे शेजारचा मुलगा म्हणाला. हिशोब बरोबर होता. पण आयुष्य सरकारी कागदांत गेल्याने आम्हाला दुसरी बाजू पाहण्याची खोड आहे. रानकोंबडी वर्षाला १० ते १५ अंडी घालते, तीही पिलांसाठी. माणसाने निवड करीत करीत तिच्या वंशजांकडून वर्षाला २०० आणि व्यापारी जातींकडून ३०० च्या वर अंडी घेतली. अंडाशयाला विसावाच उरला नाही. म्हणजे चंद्रीचा रोग निव्वळ दैवाने आलेला नव्हता. त्याच्या मुळाशी आमची न्याहारी होती. मग तिची शुश्रूषा ही भूतदया म्हणायची की थकबाकी? आम्हाला दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

थकबाकी किती दिवस फेडायची, हे मात्र कोण ठरविणार? १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरांकरवी सुई देऊन मरण दिले. त्यावर संतापाची पत्रे आली. स्वार्थाने वा क्रोधाने घेतलेला जीव ही हिंसा. त्या जीवाच्याच शांतीसाठी निःस्वार्थपणे दिलेले मरण हिंसा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमातही, जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशा जनावरासाठी तरतूद आहे. (खाण्यासाठी मारायला मात्र एवढा विचार लागत नाही, हेही त्याच कायद्यात दिसते.)

आमच्या सौभाग्यवतींनी एक साधी खूण ठरविली: सकाळी डालगे उचलल्यावर ती आपण होऊन बाहेर येते तोवर हात लावायचा नाही. एका सकाळी ती आली नाही. तुरा निळसर पडला होता. ज्वारीचे दाणे समोर तसेच राहिले. आम्ही वैद्यांना बोलावले आणि सुई देईपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसलो.

निःस्वार्थपणाची अट आम्ही पाळली काय? दर चार दिवसांनी तिला धरून बसण्याने आम्ही दोघेही थकलो होतो, हे खरे. त्या सकाळच्या निर्णयात तिची वेदना किती आणि आमचा थकवा किती, हा हिशोब आमच्याच्याने अद्याप जुळलेला नाही. डालगे अजून परसात उपडे पडले आहे.