रिकामा डबा

जे काम कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, ते केले नाही तर कोणाचे काय बिघडते? हा प्रश्न तसा जुना आहे. आमच्यापुढे मात्र तो एका गॅरेजात, गाडीखाली वाकून पाहत असताना उभा राहिला.

आमची पेट्रोलची गाडी २०१४ सालची. काही महिन्यांपूर्वी गोव्याहून बेळगावला परतताना चोर्ला घाटात तिने दम टाकला. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग येईना, आणि गाडीखालून कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. इंजिनाचा पिवळा दिवा तीन आठवड्यांपासून लागलेलाच होता. 'बघू सवडीने' असे म्हणून आम्ही त्याकडे कानाडोळा केला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

मिस्त्रींनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला व त्या जागी दाब मोजण्याचे गेज लावले. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर असताना धुराचा उलटा दाब साधारण तीन पौंडांच्या आत असावा लागतो. आमच्या गाडीचा काटा सातापलीकडे गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला होता. नव्याची किंमत ऐकली, तेव्हा आमचे महिन्याचे पेन्शनही त्याला पुरणार नाही असे ध्यानात आले. आमचा उतरलेला चेहरा पाहून मिस्त्री आपुलकीने म्हणाले, "कशाला एवढा खर्च करताय साहेब? आतली जाळी फोडून काढतो आणि डबा होता तसा परत लावतो. बाहेरून कुणाला कळतंय? गाडीबी पळेल की चांगली!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गाडी खरोखरच पळाली असती. म्हणूनच तो मोह कठीण होता.

या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तेथून जाताना पालटतात. बाहेर पडतात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन. यूजीन हूद्री या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत १९५० च्या दशकात या कामाचा पाया घातला. परंतु पेट्रोलमधील शिसे जाळीला निकामी करी, त्यामुळे शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच, १९७५ पासून, अमेरिकेतील गाड्यांत हे यंत्र सर्रास बसू लागले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींपासून आरंभ झाला, आणि २००० साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले.

आता गंमत अशी की, गाडीच्या इतर प्रत्येक भागाचा लाभ गाडीत बसणाऱ्याला मिळतो. ब्रेक आपल्याला वाचवतो, दिवा आपल्याला वाट दाखवतो. हा एकच डबा असा आहे की, त्याची किंमत आपण द्यायची आणि लाभ मागच्याने घ्यायचा. चन्नम्मा सर्कलला सिग्नलपाशी आपल्या मागे स्कूटरवर आईला बिलगून बसलेले शाळकरी मूल, दिवसभर चौकात उभा असलेला पोलीस, कडेचा चहावाला, हे त्याचे धनी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्या मुलाला कोणी काय दिले हे कधीच कळणार नाही. ते तक्रार करणार नाही, हे ठाऊक असूनच आपण डबा फोडत असतो.

कोणी म्हणेल, "रस्त्यावर काळा धूर ओकणारे ट्रक काय कमी आहेत? आमच्या एका गाडीने काय होणार?" ट्रकांचे म्हणणे खरे आहे. परंतु शेजाऱ्याच्या विहिरीत इतरांनी घाण टाकली, म्हणून आपलीही एक बादली ओतावी, असे कोणी म्हणत नाही. ज्याचे पोट टॅक्सीवर आहे त्याची अडचण मात्र खरी आहे, आणि त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. आम्हांला ती सबब नव्हती. एखादा प्रवास लांबणीवर टाकला असता म्हणजे झाले असते.

शिवाय एक लबाडी दुसरीला बोलावते. जाळी फोडली की मागचा ऑक्सिजन सेन्सर खरे सांगू लागतो. मग त्यालाही फसवण्यासाठी तो धुराच्या झोतापासून थोडा दूर ठेवणारा तुकडा लावतात. शेवटी साक्षीदाराचेच तोंड बंद करावे लागते!

आम्ही "थोडा विचार करतो" म्हणून दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी किंमत सांगण्याआधी विचारले, "हा मेला कशानं, ते बघितलं का?" आम्ही गप्प. त्यांनी तपासले तेव्हा एका सिलिंडरचा इग्निशन कॉइल गेला होता. ठिणगी पडत नव्हती, न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटत होते, आणि त्या उष्णतेने जाळी वितळून मार्ग बुजला होता. पिवळा दिवा तीन आठवडे हेच सांगत होता. कॉइल न बदलता नवा कन्व्हर्टर बसवला असता, तर तोही तसाच जळाला असता.

येथे आमचे डोळे उघडले. ज्याला आपण गुन्हेगार समजून फोडायला निघालो होतो, तो दुसऱ्याचा दोष सोसून मेला होता. घरात, संस्थेत असेच होत नाही का? मुकाट्याने सोसणारा माणूस एक दिवस खचतो. आपण म्हणतो, हाच अडथळा, याला काढा. मूळ दोष शोधत नाही, कारण बहुधा तो आपल्या दुर्लक्षात सापडतो.

आम्ही आधी कॉइल व प्लग बदलले, मग कन्व्हर्टर. स्वस्तातला नाही घेतला, कारण त्यात मोलाचे धातू कमी घालतात आणि तो लवकर थकतो. दोन महिने हात आखडून खर्च केला. शेवटी मिस्त्रींनी यंत्रावर दोन्ही सेन्सरांच्या रेघा दाखवल्या. पुढची खालीवर नाचत होती, मागची जवळजवळ सरळ होती.

वाचकहो, तुमच्याही गाडीचा पिवळा दिवा लागला असेल, तर सवडीची वाट पाहू नका. आणि कोणी रिकामा डबा बसवून देऊ लागला, तर एकदा आरशात मागे पाहा. मागे कोणीतरी उभे असतेच.