सेवेची वर्षे

सावित्रीकाठच्या गावांतून सकाळी चालताना घरांवरच्या पाट्या वाचायची मला सवय आहे. कुठे सुभेदार, कुठे हवालदार, आणि पुढे कंसात ‘निवृत्त’. माणूस नोकरीतून सुटतो, नोकरी नावातून सुटत नाही.

इंग्रजी अमलात नावापुढे ‘व्ही. डी.’ लावण्याचा एक मान होता. व्हिक्टोरिया राणीने तो १८९२ मध्ये सुरू केला आणि १८९४ मध्ये हिंदुस्थानाला व वसाहतींनाही लागू केला. आपला कामधंदा सांभाळून कवायतीला जाणाऱ्या स्वयंसेवक अधिकाऱ्यांसाठी तो होता. विलायतेत त्यासाठी वीस वर्षे भरावी लागत. मग हिरव्या फितीवर ओकच्या पानांचे रुपेरी पदक छातीवर येई. वीस वर्षे एखादे काम न सोडणे सोपे नाही. त्या चिकाटीचा मला आदर वाटतो.

पण ती चिकाटी दाखवायची संधी सगळ्यांना नव्हती. मुंबईतल्या स्वयंसेवक पलटणी मुख्यतः गोऱ्यांच्या. आम्हालाही घ्या, असा ठराव काँग्रेसने १८८६ मध्येच केला होता. आणि १८९२ च्याच सुमारास, पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती सरकारने बंद केली.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले होते. तिथे पेन्शनर महार शिपायांची वस्तीच होती. भरती बंद झाली तेव्हा या घरांतल्या पोरांची वाट अडली. १८९४ मध्ये वलंगकरांनी सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. आमच्या लोकांनी इमानाने चाकरी केली आहे, भरती पुन्हा सुरू करा.

मी या अर्जापाशी रेंगाळतो. त्यांची स्वतःची चाकरी संपली होती. अर्ज मान्य झाला असता तरी त्यांना वर्दी मिळणार नव्हती. माणूस आपली वर्षे मोजतो ती बहुधा स्वतःसाठी काही मागायला. वलंगकरांनी ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी मोजली. छातीवर मिरवण्यापेक्षा हा सेवेचा मोठा उपयोग आहे, असे मला मनापासून वाटते.

वलंगकर १९०० मध्ये गेले. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. महार रेजिमेंट बेळगावला स्थापन झाली ती १९४१ मध्ये.