ज्येष्ठातली बोधगया

३१ मेला मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोधगयेला निघाले. मोठी बहीण म्हणाली, "काहून वं, एवढ्या तपनीत कोणी जाते का तिकडे? हिवाळ्यात जा नं." नागपूरच्या माणसाला ऊन नवीन नाही, नवतपा आम्ही दरवर्षी काढतो. पण तिचं म्हणणं खरं होतं. बोधगयेचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा थायलंड, श्रीलंका, जपान, तिबेट, सगळीकडची माणसं तिथं असतात. जूनमध्ये कितीतरी दुकानं बंद होती, खोली निम्म्या भाड्यात मिळाली, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

मला मात्र वेगळंच काही छळत होतं. परंपरेप्रमाणे बुद्धांना बोधी मिळाली वैशाख पौर्णिमेला. पुढचे सात आठवडे ते त्या झाडाच्या आसपासच राहिले आणि आषाढ पौर्णिमेला सारनाथला पहिला उपदेश केला. म्हणजे वैशाखाचा वद्य पक्ष आणि अख्खा ज्येष्ठ त्यांनी तिथं काढला. आपण ज्याला हंगाम नसलेले दिवस म्हणतो, नेमके तेच. का थांबले असतील? दुःखावरचा उपाय हाती आला होता. तो घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच का निघाले नाहीत?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकातला नव्हता. वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. निरोप समारंभ होऊन आठवडाही झाला नव्हता, तर विहारातल्या बाया दारात. "मॅडम, आता तुम्हाला वेळच वेळ. यंदा तुम्हीच वाचून समजावून सांगा." मी हो म्हटलं नाही. पस्तीस वर्षं वर्गात बोलून झाल्यावर आपल्याजवळ सांगण्यासारखं खरंच काही आहे का, याची मला खात्री उरली नव्हती.

बोधगयेच्या महाविहारात सकाळी पाचलाच जायचे. चपला आणि मोबाईल बाहेर ठेवायचे. बोधिवृक्षाच्या आडव्या फांद्यांना खालून लोखंडी टेकू दिलेत. त्या म्हाताऱ्या फांद्यांकडे पाहून मला गलबलून यायचं. एक बाई खराट्यानं पिंपळपानं गोळा करायची. एखादं पान धड, न फाटलेलं निघालं की ते पदराच्या टोकात वेगळं ठेवायची. उत्तरेकडच्या भिंतीलगत चंक्रमणाचा चौथरा आहे, त्यावर दगडी कमळं आहेत. तिसऱ्या आठवड्यात बुद्ध इथं येरझाऱ्या घालत होते, असं मानतात. दुसऱ्या आठवड्यात ते नुसते उभं राहून झाडाकडे पापणी न लववता पाहत होते. सहाव्यात मुचलिंद वृक्षापाशी अवेळी ढग आला आणि सात दिवस पाऊस लागून राहिला. नऊ वाजेपर्यंत फरशी अशी तापायची की उघड्या पायांनी सावलीतून सावलीत पळावं लागायचं. तेव्हा वाटायचं, या उन्हात कुणी दीड महिना राहतं, ते काही विसाव्यासाठी नव्हे.

ग्रंथ सांगतात की त्यांना शंका आली होती: हे खोल आहे, लोकांना कळणार नाही, सांगून शीणच होईल. मग ब्रह्मा सहंपतीनं विनवणी केली. ती विनवणी मी शब्दशः घेऊ शकत नाही, पण ती शंका मात्र मला अगदी खरी वाटते. एखादी गोष्ट कळणं आणि ती दुसऱ्याला सांगता येणं, यांच्या मधलं अंतर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. ते चालूनच कापावं लागतं, चौथऱ्यावर का होईना.

एवढ्यानं माझं समाधान झालं असतं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे निरंजनेच्या कोरड्या पात्रातून सुजाता स्तूपाकडे निघाले होते. वाळूत एका म्हातारीनं हातभर खड्डा उकरला होता आणि तळाशी झिरपलेलं पाणी ती वाटीनं लोट्यात भरत होती. घाई नव्हती, पण हातही थांबत नव्हता. तिथं मला आळार कालाम आठवले. उपदेश करायचं ठरल्यावर बुद्धांच्या मनात पहिलं नाव त्यांचं आलं, ते जुने गुरू होते. तर ते सात दिवसांपूर्वीच वारले होते. दुसरे उद्दक रामपुत्त, ते आदल्याच रात्री. दोघांनाही कळलं असतं, असं बुद्ध स्वतः म्हणतात. म्हणजे थांबण्याची किंमत पडली होती, आणि ग्रंथानं ती लपवलेली नाही. थांबणं गरजेचं असेल, तरी ते फुकट नसतं. वाळूत उभ्या उभ्या मला माझ्या आईची आठवण आली. तिला अक्षरओळख करून द्यायची राहूनच गेली. उद्या, उद्या म्हणत मी दुसऱ्यांची मुलं शिकवत राहिले.

परतताना गया स्टेशनसाठी रिक्षा केली. ग्रंथानुसार बोधिवृक्ष आणि गया यांच्या दरम्यान बुद्धांना उपक नावाचा आजीवक भेटला होता. बोधीनंतर त्यांनी कुणाला आपलं सांगितलं, तर आधी त्याला. त्यानं ऐकलं, असेलही बाबा, म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या वाटेनं निघून गेला. पुढं सारनाथ अडीचशे किलोमीटर होतं. बुद्ध चालत राहिले.

रिक्षातूनच मी विहारातल्या ताईंना फोन लावला. म्हटलं, "आषाढी पौर्णिमेपासून मी वाचते. पहिल्या दिवशी कोणी नाही आलं तरी वाचीन." पलीकडून त्या म्हणाल्या, "असं कसं मॅडम, मी तर येईनच."