तडजोडीचा कागद आणि वकिलाचा धर्म

वकील हा पक्षकाराचा मुखत्यार होय, पालक नव्हे, हे तत्त्व सामान्य दाव्यांत सहज पाळता येते. तंटा बांधाचा असो वा उधारीचा, आपले किती गेले हे पक्षकारास ठाऊक असते. त्यातले किती सोडावयाचे हे त्याने सांगावे व वकिलाने लिहावे. परंतु नुकसानीचे मूळ जेथे विष असते तेथे हा सरळ मार्ग खुंटतो. विष आज अंगात शिरते आणि आपला हिशेब कित्येकदा दहा-वीस वर्षांनी मांडते. मग ज्याचे मोजमाप अद्याप झालेच नाही, ते सोडून देण्यास मनुष्य संमती देऊ शकतो काय? आणि ती संमती वकिलाने लिहून घ्यावी काय?

प्रश्न केवळ पुस्तकी वाटू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. कर्ली नदी व समुद्र यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या तारकर्लीचा एक तरुण नुकतीच सनद घेऊन वकिलीस लागला आहे. त्याच कोकणात उत्तरेस, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासे मरतात, ही तेथील मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. असलेच गाऱ्हाणे घेऊन कोणी मच्छीमार ह्या तरुणाकडे आले, व कारखान्याने कज्जा मिटविण्यासाठी रोख रक्कम देऊ केली. अट एवढीच की, पुढे काहीही निष्पन्न झाले तरी पुन्हा मागणे करू नये. त्याने काय सल्ला द्यावा?

‘घेऊन मोकळे व्हा’ म्हणणारांची बाजू हलकी नाही. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे दावा चालवावयाचा, पाण्याचे व रक्ताचे नमुने तपासून घ्यावयाचे, अनेक कारखान्यांपैकी कोणाचे विष कोणाच्या अंगी हे दाखवावयाचे. ह्यात वर्षे जातात आणि चूल तर रोज पेटावी लागते. बरे, वाट पाहावी म्हटले तर २०१० च्या कायद्याने तेथे भरपाई मागण्याची मुदत सामान्यतः पाचच वर्षांची ठेवली आहे. आपल्याकडे वकिलास भरपाईच्या रकमेत वाटा ठरविण्याची मनाई असल्यामुळे धनाचा मोह कमी. परंतु नवख्या वकिलास कीर्तीचा मोह त्याहून मोठा असतो. गाजणाऱ्या निकालाच्या आशेने पक्षकारास थांबवून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या उपासावर आपले तत्त्व पोसणे होय.

असे असले तरी इतिहासाची साक्ष दुसऱ्या बाजूची आहे. जपानातील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे कोळ्यांच्या शरीरात गेला. १९५६ मध्ये ह्या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ च्या अखेरीस कंपनीने रोग्यांशी करार केला. दिलेल्या रकमेस भरपाई न म्हणता सहानुभूतीचे द्रव्य म्हटले, आणि पुढे रोगाचे कारण आमचे सांडपाणीच ठरले तरी अधिक मागू नये, असे कलम त्यात घातले. त्याच वर्षी कंपनीच्याच डॉक्टरास मांजरावरील प्रयोगात खरे कारण दिसले होते. ते रोग्यांस सांगितले गेले नाही. विष पुढेही, १९६८ पर्यंत, समुद्रात जात राहिले. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हा करार नीतीस विरुद्ध म्हणून रद्द ठरविला.

आपल्याकडे भोपाळात तर रोग्याची सहीदेखील लागली नाही. १९८५ च्या कायद्याने दावा चालविण्याचा अधिकार सरकारने आपणाकडे घेतला, व १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी पडली म्हणून अधिक मिळावी, हा सरकारचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. एकदा मिटलेला हिशेब पुन्हा उघडणे किती दुर्घट, हे ह्यावरून दिसते.

दोन्ही ठिकाणी दोष तडजोडीचा नव्हता. न मोजलेले मोजले असे धरून चालण्याचा होता. मालवणच्या किनाऱ्यावरील रापणकरास हा भेद शिकवावा लागत नाही. रापण ओढून वाळूवर आली म्हणजे मासळीचे वाटे पडतात. जाळे पाण्यात असताना आपला वाटा मिळाला असे कोणी म्हणत नाही. झालेल्या नुकसानीचे पैसे घेण्यात कमीपणा नाही, व ते घेण्यापासून पक्षकारास परावृत्त करण्याचा वकिलास अधिकारही नाही. मात्र अद्याप न दिसलेल्या रोगाचा हक्क सोडण्याचे कलम वगळावे म्हणून त्याने अखेरपर्यंत झगडावे.

आणि कारखाना हटून बसला, पैसे व कलम एकत्रच घ्या म्हणाला, तर? तर निर्णय ज्याची चूल विझली आहे त्याचाच. पण त्याआधी ते कलम कायद्याच्या भाषेत नव्हे, घरच्या मालवणीत त्याला वाचून दाखविले पाहिजे. मिनामातात काय झाले तेही सांगितले पाहिजे. शिवाय ती सही त्याच्या एकट्याची आहे, घरातील लेकरांची व पुढे जन्मणाऱ्यांची नव्हे, असे त्याच कागदावर स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. मनुष्य स्वतःचे दुःख स्वस्तात विकू शकतो. दुसऱ्याचे विकण्याचा अधिकार त्यास नाही, आणि त्याच्या वकिलास तर मुळीच नाही.